मीटरवाल्याबरोबर ओसाकात

शिगेओ म्हणाला, चल, तुला माझं ओसाका दाखवतो.
एकेचाळीस वर्षं संसार केला,
पण त्याचं ओसाका वेगळं आहे हे मला
उमेदाच्या स्टेशनाबाहेर पडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

मला गिंको बघायचे होते.
मिदोसुजीवर नोव्हेंबरात ती झाडं
पहिलीतल्या मुलांच्या टोप्यांसारखी पिवळी होतात,
एका रांगेत, कुणीतरी शिट्टी वाजवायची वाट बघत.

मी मान वर करून चालत होते,
तो मान खाली घालून.
चौतीस वर्षं गॅसचे मीटर वाचलेला माणूस
शहराला कमरेखालूनच ओळखतो:
कुठल्या बोळात झाकण अडकतं,
कुठे कुंडी सरकवावी लागते,
कुठला कुत्रा आधी पँट हुंगतो आणि मग ठरवतो.

"हे बघ," तो म्हणाला.
भिंत. भिंतीला राखाडी डबा.
"ह्या बाई ऐन फेब्रुवारीतही बारा युनिटांच्या वर गेल्या नाहीत."
थोडं थांबून,
"एकट्या होत्या. मोठं पातेलं लागायचं नाही."

तेव्हाच माझ्या खांद्यावर एक पान पडलं.
ते मी त्याला दाखवलं नाही.

तेंमाच्या छपराखालच्या बाजारात
आम्ही उभ्यानेच क्रोकेट खाल्ले, जीभ पोळली.
विकणारी पोरगी म्हणाली, आजोबा, हळू.
आजोबांनी वाकून तिच्या शेगडीमागची नळी तपासली
आणि समाधानाने मान डोलावली.
पैसे मी दिले. लाजलेही मीच.

कोपऱ्यावर एक म्हातारा हातमोजे घालून
गिंकोच्या बिया वेचत होता.
मला मूठभर दिल्या, पिशवीत, दोन गाठी मारून,
तरी ट्रेनमध्ये शेजारची बाई उठून गेली.

दुपारी ताइशोतल्या एका गल्लीत तो थांबला,
तिथे घर नव्हतं.
चार गाड्यांपुरतं पार्किंग, आणि पेयं विकणारं एक मशीन
कुणी नसताना एकटंच घुमत.
त्याने टोपी काढली.

मोरिगुचीसान, तो म्हणाला.
दर नोव्हेंबरात मीटरवर एक संत्रं ठेवायचे.
दार उघडायचे नाहीत, बोलायचे नाहीत,
नुसतं संत्रं.
महिन्याचा वापर मात्र उतरत गेलेला,
नऊ, सात, चार.

"मग?"
"मग एका डिसेंबरात शून्य आलं.
मी लिहिलं, शून्य. आणि पुढच्या दाराला गेलो."

बऱ्याच वेळाने मी विचारलं,
"त्या वर्षीचं संत्रं?"
"खाल्लं होतं," तो म्हणाला. "गोड होतं."

मशीनमधून त्याने मक्याच्या गरम सूपचे दोन डबे घेतले.
एक ठेवायला तो गुडघ्याइतक्या उंचीवर जागा शोधत राहिला,
पण भिंतच नव्हती.
दोन्ही आम्हीच प्यालो.

शिरिनाशी नदीवरच्या नावेला तिकीट नसतं.
सायकली, कारखान्यातून सुटलेली माणसं, एक शाळकरी मुलगी,
सगळे दोन मिनिटं उभे, पलीकडे जायला.
मी म्हटलं, शिगेओ, वर बघ की एकदा.
त्याने बघितलं.
पूल होता, त्याच्यावर आभाळ, विझत चाललेलं.
इतका वेळ बघत राहिला की नाव काठाला लागली तरी हलेना,
मागून त्या मुलीला सायकलची घंटी वाजवावी लागली.

घरी पोचलो तेव्हा अंधारलं होतं.
दाराआधी तो आमच्याच मीटरपाशी वाकला,
खिशातली जुनी बॅटरी काढून.
"सकाळचाच आकडा," म्हणाला,
कुणी आपल्याशी बोलणं टाकल्यासारखा.

मी बूट कसेबसे काढले.
अंगात कोट तसाच, हातात ती वास मारणारी पिशवी तशीच,
आत जाऊन शेगडी पेटवली.
वर किटली नाही, काही नाही.
नुसती ज्योत, मोठी केलेली.
बाहेर तो अजून वाकलेला होता,
म्हटलं, काहीतरी फिरताना दिसू दे त्याला.